कुत्र्याला बोल लावायचा नाही

म्हैसूरहून परत आल्यापासून भेटेल तो माणूस दोनच गोष्टी विचारतो: राजवाड्यावरचे दिवे पाहिलेत का, आणि म्हैसूरपाक आणलात का. दिवे पाहिले. म्हैसूरपाकही आणला होता, तो आमच्या गल्लीनं दोन दिवसांत फस्त केला. पण मी लिहायला बसलोय ते या दोन्हींसाठी नाही. आठ-दहा दिवसांत मी तिथे डोळे भरून पाहिले ते तिथले मोटारसायकलवाले. राजवाडा काय, तिकीट काढलं की कुणालाही दिसतो. ही माणसं दिसायला म्हैसूरला आतेभाऊ लागतो, आणि तो मला आहे.

हूटगळ्ळी

माझी आत्या लग्न होऊन म्हैसूरला गेली तेव्हा सांगलीतल्या शेजारणींना वाटलं, पोरगी परदेशीच गेली. तिच्या सासरचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते. फौज गेली, घोडे गेले, माणसं तिथेच राहिली आणि कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत लागली. घरात अजून मराठी बोलतात. ती ऐकायला फार गोड, फक्त निम्मी कळत नाही. माझा आतेभाऊ खंडेराव, म्हणजे आमचा खंडूदादा, दारातच म्हणाला, "ऊटा झाला का रे वसंता? नाही ना? मग सुम्ने बोलत काय उभा राहिलास, आत ये." ऊटा म्हणजे जेवण आणि सुम्ने म्हणजे उगाच, हे माझ्या बायकोला, शैलाला, तिथल्या तिथे कळलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही तिनं सांगितल्यावर.

खंडूदादा हूटगळ्ळीच्या एका कारखान्यातून नुकताच निवृत्त झालाय आणि तिथेच घर बांधून राहिलाय. हूटगळ्ळी म्हणजे म्हैसूरच्या कडेला भराभर वाढणारी वस्ती. अर्धी घरं पुरी झालेली, अर्ध्यांच्या सळ्या अजून आभाळाकडे बघतायत. पण प्रत्येक फाटकासमोर गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार आहे, आणि त्या उताराच्या दोन्ही अंगांना सकाळी रांगोळी. मधोमध चाक जाईल एवढी जागा सोडलेली. रांगोळी घालणारीला चाकाची रुंदी ठाऊक आहे आणि चाक चालवणाऱ्याला रांगोळीची किंमत. सरोजावहिनी, म्हणजे खंडूदादाची बायको, रोज सकाळी मोगऱ्याचा गजरा आधी गाडीच्या दिव्याला गुंडाळतात, मग उरलेला स्वतःच्या केसांत माळतात. आमच्याकडे गाडीला हार पडतो तो दसऱ्याला, आणि तोही पुढच्या दसऱ्यापर्यंत सुकून तिथेच लोंबत असतो.

शहरातले रस्ते रुंद, दोन्हीकडे जुनी डेरेदार झाडं, आणि दर थोड्या अंतरावर गोल चौक. त्यांना ते सर्कल म्हणतात. मला सगळ्यात नवल वाटलं ते सिग्नलचं. लाल दिवा लागला की दुचाक्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागे थांबतात. रस्ता रिकामा असला तरी थांबतात. मी खंडूदादाच्या मागे बसलो होतो, माझा पाय सवयीनं अस्वस्थ झाला. मी म्हटलं, कुणी नाहीये, चल की. त्यानं मान वळवून माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं, की मी उरलेला आठवडा सिग्नलबद्दल तोंड उघडलं नाही.

पहिला रविवार

दर रविवारी सकाळी खंडूदादा आणि त्याची आठ-दहा माणसांची टोळी मोटारसायकलींवरून नंजनगूडला जाते. क्लब म्हणावा तर त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, छापील टीशर्ट नाहीत. नंजनगूडला श्रीकंठेश्वराचं दर्शन घ्यायचं, पुलापलीकडच्या एका साध्या हॉटेलात डोसा खायचा आणि दुपारच्या आत घरी यायचं, एवढंच.

मी खंडूदादाच्या मागे बसून गेलो. शैला आणि सरोजावहिनी बसनं आल्या, कारण शैला मोटारसायकलवर बसत नाही. सहा वर्षं बसलेली नाही. मीही तेव्हापासून चालवलेली नाही. आमचा एक अपघात झाला होता, त्याचं पुढे येईलच.

रस्ता सुरेख. कडकोळचे कारखाने मागे पडेपर्यंत डाव्या हाताला चामुंडीची टेकडी सोबत असते. ती दिसली की पुढच्या प्रत्येक गाडीवरचा एक हात हँडल सोडून छातीला आणि हेल्मेटला लागायचा. मग नारळ, भात, पुन्हा नारळ, आणि कपिला नदी. देवळाबाहेर रसबाळे केळी मिळाली. बुटकी, पातळ सालीची, तोंडात घातली की विरघळणारी. शैलानं चार खाल्ली आणि जळगावच्या केळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

हॉटेलात दोन टेबलं जोडली. मऊ, जाडसर, लोण्याचे डोसे आले, वर सागू नावाची पातळ भाजी. कॉफी 'बाय-टू', म्हणजे एक कॉफी दोघांत, हे तिथे सगळे हौसेनं करतात. एकट्यानं आख्खी कॉफी पिणं त्यांना थोडं आप्पलपोटेपणाचं वाटत असावं. कॉफी आली आणि खंडूदादानं टेबलावर टिचकी मारली. "तप्पु," तो म्हणाला. तप्पु म्हणजे चूक. सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

पद्धत अशी की आठवड्याभरात गाडी चालवताना आपण जी चूक केली, ती प्रत्येकानं सांगायची. मोठी लागत नाही. रोजचीच, साधी, मूर्खपणाची. सगळे पोट धरून हसतात. सगळ्यात मूर्खपणाची चूक ज्याची, तो पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पुढे गाडी घालतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. मला वाटलं ही शिक्षा असावी. पण नाही, तो मान आहे. खंडूदादाचं म्हणणं, ज्याची चूक ताजी आहे तो त्या आठवड्यात सगळ्यात जपून चालवतो, म्हणून त्यालाच पुढे ठेवायचं.

सुरुवात भारतीनं केली. ही नंजनगूडच्या शाळेत शिकवते, रोज म्हैसूरहून मोटारसायकलनं येते. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. शाळेच्या प्रार्थनेनंतर तिला बँकेत जायचं होतं. ती गाडीला किक मारत राहिली, गाडी सुरू होईना. मैदानावर रांगेत उभी असलेली आख्खी शाळा किका मोजायला लागली. एकतिसाव्या किकेला मुख्याध्यापक स्वतः आले आणि त्यांनी हँडलवरचं लाल बटण, जे इंजिन बंद ठेवतं, ते बोटानं वर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "आता मी वर्गात गेले की नाही," भारती म्हणाली, "मुलं हळूच एकतीस म्हणतात."

मग महादेवस्वामी. कडकोळच्या कारखान्यात काम करणारा, अंगानं भरलेला, मिशाळ, बघून वाटावं की हा कधी चुकतच नसेल. तो कन्नडमध्ये सांगत होता आणि भारती माझ्या कानात मराठी करत होती. सिग्नलला तो पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभा होता. समोर चामुंडी दिसली. एरवी तो एका हातानं नमस्कार करतो. पण त्या दिवशी मुलीचा निकाल लागायचा होता, एका हातानं भागेल असं त्याला वाटेना. त्यानं क्लच सोडून दोन्ही हात जोडले. गाडीनं उडी मारली ती थेट फूलवालीच्या टोपलीत. फूलवाली म्हणाली, देवीला वाहायची तर जरा उतरून वाहा. मुलगी पास झाली, हेही त्यानं शेवटी सांगितलं.

खंडूदादाची चूक म्हणजे त्यानं बाजारातून दुसऱ्याचीच मोटारसायकल घरी आणली होती. त्याच रंगाची, तितकीच जुनी, आणि किल्लीसुद्धा लागली. घरी येईपर्यंत त्याला गाडी आज फार गुळगुळीत चालतेय असं वाटत होतं आणि आपण केलेल्या सर्व्हिसिंगचा अभिमान वाटत होता. सरोजावहिनींनी फाटकातच विचारलं, सकाळी ताजा गजरा घातला होता, हा वाळलेला कुणाचा? तिकडे खरा मालक खंडूदादाच्या गाडीला किक मारमारून दमला होता.

मी हसून हसून डोळे पुसले. पण हसण्यापेक्षा जास्त काहीतरी चाललं होतं, ते हळूहळू लक्षात आलं. प्रत्येक चुकीनंतर हसणं ओसरलं की क्षणभर शांतता व्हायची, कुणीतरी म्हणायचं, माझंही झालं असतं, आणि मग सगळे त्यावर चार शब्द गंभीरपणे बोलायचे. खंडूदादानं मला सांगितलं की हे त्यानं कारखान्यातून आणलं. पाळी सुरू होताना त्यांचा जुना फोरमन सगळ्यांना गोल उभा करायचा आणि काल आपल्या हातून काय चुकता चुकता राहिलं ते सांगायला लावायचा. जो सांगायचा त्याला कुणी रागवायचं नाही. कारण एकानं लाजेनं झाकलेली चूक दुसऱ्या पाळीतल्या माणसाचं बोट घेऊन जायची. आमच्याकडे गाडी पडली की आधी दोष कुणाचा ते ठरतं, मग गाडी उचलतात. इथे मी पहिल्यांदा अशी माणसं पाहिली जी आपली चूक डब्यातल्या पदार्थासारखी टेबलावर ठेवत होती, घ्या, चव बघा म्हणून. मला त्यांचं फार, फार कौतुक वाटलं.

आणि मग माझी पाळी आली.

मी म्हटलं, मी सहा वर्षांत चालवलेली नाही. पाहुणा म्हणून सोडतील असं वाटलं, पण सगळे वाट बघत होते. तेव्हा मी अपघात सांगितला. पुतणीच्या लग्नाला चाललो होतो, शैला मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर रुखवताची टोपली. डावीकडे वळताना कुत्रा आडवा आला आणि गाडी पडली. शैलाचं डावं मनगट मोडलं, त्यात अजून धातूची पट्टी आहे.

कुणी हसलं नाही. भारती नम्रपणे म्हणाली, "काका, कुत्रा राहू दे. तुम्ही काय केलात ते सांगा."

"या टेबलावर कुत्र्याला बोल लावायचा नाही," खंडूदादानं मला समजावलं. "खड्ड्याला नाही, बसवाल्यालाही नाही. ते इथं येऊन त्यांचं सांगू शकत नाहीत, अल्वा? खरं की नाही?"

मी काही बोलायच्या आत शैला बोलली. "कुत्रा नव्हताच हो," ती म्हणाली. "हे मला सांभाळून घेतात. चूक माझी. टोपली घसरायला लागली म्हणून ऐन वळणावर मी मागे हलले, आणि गाडीचा तोल गेला. आतली बेसनाची कमळं रस्ताभर. मी मनगट मोडून पडलेय आणि ओरडतेय, कमळं उचला, कमळं उचला."

टेबल हसण्यानं हादरलं. भारतीनं कन्नडमध्ये सांगितल्यावर महादेवस्वामीनं कॉफी कपाळाला लावून शैलाला नमस्कार केला. मागे बसणाऱ्याची चूक आजवर कुणी सांगितलीच नव्हती, ती धरायची की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि एकमतानं ठरलं की धरायची. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पुढे शैला. तिला चालवता येत नाही, तेव्हा ती भारतीच्या मागे बसेल. शैला लाजली, नको नको म्हणाली, आणि मी तिला कित्येक वर्षांत इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मी खाली बघत डोश्याचे तुकडे करत होतो. कारण कुत्रा नव्हता हे खरं, पण शैलाच्या हलण्यानंही गाडी पडली नव्हती. निघताना मी साइड स्टँड वर घ्यायला विसरलो होतो. डावीकडे वळताना गाडी कलली, खालचा स्टँड रस्त्यात रुतला आणि गाडी उलटली. उचलताना मला तो दिसला. लोक जमायच्या आत मी तो पायानं वर ढकलला. दवाखान्यात भुलीतून शुद्धीवर येताच शैला म्हणाली, माझ्यामुळेच झालं, मी हलले. मी तिला नाही म्हटलं नाही. फक्त नातेवाइकांना सांगितलं की कुत्रा आला. मग शैलानं सगळ्यांना खरं म्हणून तिचं सांगितलं, आणि लोक म्हणाले, बघा, बायकोची चूक कुत्र्यावर घालतोय, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. ते भाग्य मी सहा वर्षं मिरवलं.

मधले दिवस

त्या आठवड्यात आम्ही म्हैसूर पाहिलं. चामुंडीवर गेलो, बाजारात मोगऱ्याच्या राशींपुढे शैला वाट विसरली, एका घरी रागी मुद्दे खाल्ले. तो नाचणीचा गोळा चावायचा नसतो, आमटीत बुडवून गिळायचा असतो. मी चावला. घरातल्या आजीबाई तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत होत्या, आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं की लग्न होऊन आल्यावर त्यांनीही चावला होता. या गावाचं पाणीच असं असावं.

खंडूदादानं मला पुन्हा गाडीवर बसवलं. संध्याकाळी हूटगळ्ळीच्या मोकळ्या रस्त्यांवर, मग शहराकडे. हातपाय विसरले नव्हते. पण एका मोठ्या सर्कलला मी जो शिरलो तो मला बाहेर पडायला फट मिळेना. कडेला सरकावं तर कुणीतरी यायचं. तीन फेऱ्या झाल्या. मधल्या पुतळ्याचं मी सगळ्या बाजूंनी दर्शन घेतलं. चौथ्या फेरीला वाहतूक पोलिसानं सगळी वाहतूक थांबवली, मला हातानं वाट दाखवली आणि खास मराठी पाहुण्यासाठी हिंदीत विचारलं की प्रदक्षिणा पूर्ण झाली का. म्हणजे पुढच्या रविवारसाठी माझ्याकडे एक ताजी, हसरी, कुणालाही न दुखवणारी चूक तयार झाली. मी ती मनात घोळवून घोळवून चांगली घोटून ठेवली.

शैला मात्र रविवार जवळ येईल तशी गप्प होत गेली. सरोजावहिनींनी तिला आपला पंजाबी ड्रेस दिला, दोन्हीकडे पाय टाकून बसता यावं म्हणून. शनिवारी अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर ती एकटीच चढून बसली होती. मी खिडकीतून पाहिलं. हात मांडीवर घट्ट, मान ताठ, श्वास धरलेला. गाडी बंद होती, स्टँडवर उभी होती, आणि ती न हलण्याचा सराव करत होती.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरीही मी खिडकीतून बाजूला झालो.

दुसरा रविवार

सकाळी टोळी खंडूदादाच्या फाटकासमोर जमली. भारतीची गाडी सगळ्यांच्या पुढे. सरोजावहिनींनी तिच्या दिव्याला दुप्पट गजरा गुंडाळला होता. मी खंडूदादाची जुनी दुसरी गाडी घेतली होती. शैलानं हेल्मेट घातलं, पण पट्टा तिला लागेना. भारतीनं तो लावून दिला.

"मी अजिबात हलणार नाही बघ," शैला तिला म्हणाली. "पाठ खाजली तरी हात उचलणार नाही. तू निश्चिंत चालव."

भारती म्हणाली, हला की, स्वल्प हललं म्हणून काय होतंय. शैलानं मान हलवली. एकदा हललेय मी, म्हणाली.

मी गाडीवरून उतरलो. घोटलेली सर्कलची गोष्ट कुठे गेली कोण जाणे.

"शैला, तुझ्या हलण्यानं गाडी पडली नव्हती," मी म्हटलं. "स्टँड खाली होता. मी वर घ्यायला विसरलो होतो. उचलताना पाहिला आणि कुणी यायच्या आत पायानं वर केला."

हेल्मेटमधून तिचे फक्त डोळे दिसत होते. महादेवस्वामीनं काय झालं म्हणून कन्नडमध्ये विचारलं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" तिनं विचारलं.

"तेव्हाच."

भारतीच्या खांद्याला धरून ती मागे बसली आणि म्हणाली, चल गं. खंडूदादा माझ्याजवळ आला, माझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येईना, शेवटी त्यानं माझ्या गाडीच्या सीटवर दोनदा थोपटलं. आम्ही निघालो. मी सगळ्यात शेवटी. नंजनगूडपर्यंत मला फक्त एक ठिपक्याएवढं हेल्मेट दिसत होतं. ते ताठ होतं. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मी त्या दिवशी ना टेकडी पाहिली ना नारळ.

देवळात ती माझ्यापासून लांब उभी राहिली. हॉटेलात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. डोसे आले, कॉफी आली. खंडूदादानं टिचकी मारायला बोट उचललं आणि परत ठेवलं.

"मारा की टिचकी, दादा," शैला म्हणाली. "यांची पाळी आहे. पहिल्यापासून सांगू देत. कुत्रा न घालता."

मी सांगितलं. घरातून निघायची घाई, टोपली, स्टँड, वळण, पाय. दवाखान्यात मी गप्प बसलो ते. नातेवाइकांनी केलेलं कौतुक. भारती कन्नडमध्ये सांगत होती. संपलं तेव्हा कुणीही हसलं नाही. माझ्यापुढची कॉफी गार झाली होती.

"लोक म्हणायचे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं," शैला म्हणाली. "तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं वाटायचं."

तिच्या तोंडातून हसू फुटलं, अगदी तिच्या मनाविरुद्ध. तिनं ते हातानं दाबायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि ती टेबलावर कपाळ टेकून हसत सुटली. भारती हसली, मग खंडूदादा, महादेवस्वामीनं अर्थ कळायची वाट न बघता हसायला सुरुवात केली. शैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. मीही हसलो का, मला आठवत नाही. कुणीतरी माझ्यापुढे आख्खी कॉफी आणून ठेवली, बाय-टू नव्हे, हे आठवतं.

मग नेहमीसारखी शांतता झाली आणि महादेवस्वामी म्हणाला, माझाही स्टँड राहतो कधी कधी, खालीच. ठरलं की यापुढे निघताना प्रत्येकानं स्टँड वर घेतला की मोठ्यानं सांगायचं, आणि शेजारच्यानं बघायचं. या खेपेचा मान माझा होता, पण आमची परतीची गाडी सोमवारची, पुढचा रविवार मला मिळणार नव्हता. खंडूदादानं निकाल दिला की परत जाताना वसंता पुढे.

बाहेर सगळ्यांनी स्टँड वर घेतले आणि आपापल्या भाषेत तसं ओरडून सांगितलं. मी गाडी पुढे आणली. शैला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं वाकून गाडीच्या डाव्या अंगाला पाहिलं, मग सरळ झाली आणि मागे बसली. दोन्ही हात तिनं मागच्या कडीला धरले, मला नाही.

पूल ओलांडला. नदीत बायका कपडे धूत होत्या, उन्हानं पाणी चकाकत होतं. पुढे रस्ता डावीकडे वळतो. मी वेग कमी केला, गाडी कलली, आणि ऐन वळणावर ती हलली. चुकून नाही. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, चांगली उठून पुन्हा बसली. गाडी किंचित डुलली, वळण संपलं आणि रस्ता सरळ झाला.

"नाही पडली," ती मागून म्हणाली.

"नाही पडली," मी म्हटलं.

थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा हलली. मग आणखी एकदा, जास्त जोरात. मागून खंडूदादाला काय वाटलं असेल कोण जाणे. गाडी चालत राहिली. तिच्या हेल्मेटचा पुढचा भाग माझ्या पाठीला लागला आणि तिथेच राहिला.

"सहा वर्षं, अहो," ती म्हणाली.

मी मान हलवली. आरशात मागचे सगळे एका रांगेत येत होते, आणि कडकोळ येईपर्यंत ती मधून मधून हलत होती.